अकराव्या वर्षीची पुस्तकं: घरशाळेचा अभ्यासक्रम निवडताना आमचं काय चुकलं

(या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि मागून येणारा मालगाडीचा आवाज काढलाय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन नीट लावा, कारण आज विषय थोडा घरातला आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण विशी-पंचविशीतले आहात हे मला माहीत आहे. तुम्हाला मुलं नाहीत. मलाही नाहीत. पण घरात एखादी भाची, पुतण्या, लहान भाऊ असतोच ना? आणि घरात कुणाचं काही अडलं की सगळे आपल्याकडे बघतात. "तुझ्याकडे फोन आहे, तू बघ न शोधून." माझ्याकडे असंच आलं. आज त्याचीच गोष्ट सांगते. दहा ते तेरा वयाच्या मुलांना घरी शिकवायची वेळ आली तर अभ्यासक्रम कसा निवडायचा, पुस्तकं कुठली घ्यायची, आणि आम्ही सुरुवातीला कसे सपशेल फसलो.

मी बल्लारपूरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चंद्रपूरच्या पुढचं गाव, वर्धा नदीच्या काठावर. गोंड राजांचा किल्ला, कोळशाच्या खाणी, सागवानाचा डेपो आणि कागद कारखाना. कारखान्याची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. म्हणजे आमचं गाव कागदाचं गाव. आणि कागदाच्या गावात राहून आम्हाला एका पोरीसाठी चार पुस्तकं धड निवडता येईनात!

झालं असं की

माझी ताई लग्नानंतर कागजनगरला गेली. तेलंगणात आहे ते. इथून रेल्वेनं गेलं की सीमा ओलांडल्यावर लगेच. तेही कागद कारखान्याचंच गाव. जिजाजींचं काम कंत्राटी. एका नोव्हेंबरात ते काम संपलं, त्यांना दुसरीकडे लांब जावं लागलं, आणि ताई मुलीला घेऊन आमच्याकडे आली. भाची तेव्हा अकरा वर्षांची. पाचवी तिकडे पास झालेली, सहावी अर्धी.

आम्ही इथल्या शाळेत गेलो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथं सांगितलं, वर्ष अर्धं झालंय, जूनमध्ये या. शिवाय मराठी कच्चं आहे, तेव्हा पाचवीत बसवावं लागेल. पोरगी तिथंच उभी होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मग ताई म्हणाली, "जूनपर्यंत घरीच शिकवू हिला. तू शिकवशील?" मी घरून काम करते, दुपारी वेळ असतो. मी हो म्हटलं. आई म्हणाली, "अन् लोकं विचारतील न, पोट्टी घरी काहून आहे म्हणून?" बरोबर होतं तिचं. लोकांनी विचारलंच. पाणी भरताना, दळण आणताना, सगळीकडे. पोरीच्या समोरच विचारायचे.

पहिली चूक: मी खोका विकत घेतला

मी काय केलं? रात्री बारा वाजता फोन घेऊन बसले. घरशाळा, होमस्कूलिंग, अभ्यासक्रम, असं काय काय टाकून शोधलं. एक मस्त चकचकीत संच सापडला. वर्षभराचा सगळा अभ्यास एका खोक्यात. रोज कुठलं पान करायचं तेही लिहिलेलं. साडेचौदा हजार रुपये. अर्धे माझे, अर्धे ताईचे. खोका आला तेव्हा आम्ही सगळे असे खूश, जणू पोरगी पासच झाली.

दहा दिवसांनी मी तिची वही उघडली. पहिला बर्फ पडल्यावर तुमची बाग कशी दिसते ते लिहा, असा प्रश्न होता. खाली तिनं लिहिलं होतं, "येत नाही." पुढच्या पानावर "येत नाही." त्याच्या पुढे पण तेच. अकरा पानं.

मी चिडले. खोटं कशाला बोलू? साडेचौदा हजार डोक्यात होते. मी तिला म्हटलं, "तुला साधं वाचता पण येत नाही का?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. एक तर ते वाक्य वाईट होतं, आणि दुसरं म्हणजे ते चूक होतं.

चूक कसं? तर तिसऱ्या दिवशी आम्ही बल्लारशाह स्टेशनवर गेलो होतो, जिजाजींना आणायला. आमचं स्टेशन चित्रांसाठी प्रसिद्ध आहे बरं का. भिंतींवर वाघ, जंगल, आदिवासी चित्रं. २०१८ मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन्ही स्टेशनांना मिळून रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत पहिला नंबर मिळाला होता. तर फलाटावर कुणीतरी टाकून दिलेला तेलुगू पेपर पडला होता. पोरीनं तो उचलला आणि बाकड्यावर बसून वाचायला लागली. भराभर. मधेच हसली पण. मी विचारलं काय लिहिलंय, तर तिनं अख्खी बातमी मला मराठीत सांगितली.

म्हणजे तिला वाचता येत होतं. उत्तम येत होतं. फक्त देवनागरीत वेग नव्हता. आणि मी तिच्यासाठी इंग्रजीतला, परदेशातल्या बर्फाचा खोका आणला होता. त्या वेळी मला कळलं की मी आधी पुस्तक निवडलं आणि मूल नंतर बघितलं. करायचं होतं उलट.

आधी मूल कुठं आहे ते बघा

आता कामाचं सांगते. अभ्यासक्रम निवडायच्या आधी आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. फक्त बघा.

वाचनासाठी सोपी युक्ती. कुठल्याही पुस्तकाचं एक पान मुलाला मोठ्यानं वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मुडपली, तर ते पुस्तक आत्ता जड आहे. फेकू नका, चार महिन्यांनी परत काढा. आणि घरात दोन-तीन भाषा असतील तर प्रत्येक भाषेत वेगळं करून बघा. आपल्या भागात मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी सगळं चालतं. एका भाषेत अडखळलं म्हणून मूल मागे आहे असं नसतं.

गणितासाठी उलटं जायचं. बालभारतीची तिसरीपासूनची गणिताची पुस्तकं फोनवर उतरवून घ्या. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत. प्रत्येक पुस्तकातली शेवटच्या धड्यांची पाच-पाच गणितं द्या. जिथं पाय घसरतो तिथून सुरू करायचं. आमची पोरगी सहावीचे पूर्णांक करत होती, पण अडत होती चौथीच्या अपूर्णांकात. आम्ही दीड महिना फक्त अपूर्णांक केले. भाकरीवर, मोसंबीवर, मोजपट्टीवर. त्यानंतर पुढचं आपोआप हललं.

कणा एक, बाकी फांद्या

दुसरी गोष्ट. अभ्यासक्रमाचा कणा एकच ठेवा. राज्य मंडळाची पुस्तकं तरी, नाहीतर एनसीईआरटीची. दोन्ही चांगली, दोन्ही फोनवर फुकट. पण दोन्ही एकदम नको. निवडायचं कसं? मूल परत कुठल्या शाळेत जाणार आहे ते बघून. आम्हाला इथल्याच मराठी शाळेत जायचं होतं, म्हणून राज्य मंडळ. इतिहासाचंच बघा. आमच्या मंडळाच्या ज्या पुस्तकांवर आम्ही अभ्यास केला त्यांत सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ असा क्रम आहे. मधेच गाडी बदलली तर एखादा काळ दोनदा होतो आणि एखादा राहूनच जातो. आणि हो, राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं अभ्यासक्रम बदलतोय. तेव्हा शेजारच्या दादाची जुनी पुस्तकं आणण्याआधी आपल्या इयत्तेचं पुस्तक बदललंय का ते एकदा तपासा.

कणा ठरला की फांद्या. फांद्या म्हणजे वाचायची पुस्तकं. इथं आम्हाला जे सापडलं ते सांगते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरचा. तिथं एकच गोष्ट अनेक भाषांत असते. मी तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही उघडायचे, एक माझ्या फोनवर, एक ताईच्या. ती आधी तेलुगूत वाचायची. गोष्ट कळलेली असायची, मग मराठीत वाचताना अर्थाची भीती नसायची, फक्त अक्षरांशी झटायचं. तीन महिन्यांत तिला तेलुगूची गरज उरली नाही. पण तिनं तेलुगू सोडलं नाही, आणि आम्हीही सोडू दिलं नाही. तिथं गोंडीतल्या गोष्टी पण आहेत. गडचिरोलीकडच्या मंडळींनी जरूर बघा.

दुसरं, 'किशोर'. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय. जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. लहान लेख, गोष्टी, कोडी. पुस्तकाची धास्ती असलेल्या मुलाला मासिक बरं, कारण कुठूनही उघडता येतं आणि अर्धवट सोडलं तरी अपराध्यासारखं वाटत नाही.

मग पुस्तकं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', ते मी रोज थोडं वाचून दाखवलं. चेतना सरदेशमुख-गोसावींनी मराठीत आणलेलं 'तोत्तोचान', ज्यातली मुलगी एका शाळेत बसत नाही आणि दुसऱ्या शाळेत फुलते. ते वाचताना आमच्याकडची पोरगी मधेच म्हणाली, "मावशी, हिला पण काढलं होतं शाळेतून?" मी म्हटलं, हो. ती बराच वेळ ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

आणि आपल्या मातीतलं म्हणाल तर विलास मनोहरांचं 'नेगल'. भामरागडजवळ हेमलकसाला प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पात जंगलातले प्राणी कसे वाढले त्याचं पुस्तक. प्रकल्प १९७३ चा. वाघाच्या जिल्ह्यातल्या मुलाला बर्फातल्या कोल्ह्याच्या आधी हे मिळायला पाहिजे की नाही? आधी आपलं, मग जगाचं. जगाचं नको असं मी म्हणत नाही. क्रम सांगते.

हातानं केलेला अभ्यास

आमच्या बाजूनं जी वर्धा नदी वाहते, तिच्याच नावाच्या गावात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथं हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच नई तालीम. मला हे शाळेत एका मार्काचं उत्तर म्हणून माहीत होतं. भाचीला शिकवताना पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला.

आम्ही शिंप्याची मोजपट्टी घेतली आणि गल्लीतली झाडं मोजली. कडुलिंबाचा घेर १५७ सेंटिमीटर. आता झाड न कापता त्याची जाडी कशी काढायची? घेराला ३.१४ नं भागायचं. ५० सेंटिमीटर. पाय म्हणजे काय हे तिला त्या झाडानं शिकवलं. मग सागाच्या डेपोतले ओंडके बघून आली आणि म्हणाली, इथं कापलेलं तोंड दिसतं, म्हणजे उत्तर बरोबर आलं की नाही ते पण तपासता येईल! किल्ल्यावर गेलो तेव्हा खांडक्या बल्लाळशहा कोण, गोंड राजधानी इथून चंद्रपूरला का गेली, हे प्रश्न तिनंच काढले. पुस्तकात आमच्या गावावर धडा नाही, तर तिनं चार पानांचा लिहिला. आजोबांना विचारून, शेजारच्या काकूंना विचारून. वर्षभरात तिनं लिहिलेलं सगळ्यात लांब मराठी तेच.

रोजचा वेळ किती? अडीच तास. चाळीस मिनिटं गणित, तासभर वाचन आणि त्यावर गप्पा, अर्धा तास लिहिणं, उरलेल्यात विज्ञान नाहीतर इतिहास. घरी एकच मूल असतं, त्यामुळे तेवढ्यात पुष्कळ होतं. उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच सुरू करायचो. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.

कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढे ढकलू नका.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्यात घरशाळा असा शब्दच नाही. मान्यता दिलेली नाही, आणि थेट बंदीही लिहिलेली नाही. पण त्याच कायद्यात आपल्या कामाचं बरंच आहे, जे आम्हाला त्या नोव्हेंबरात माहीत नव्हतं. कलम ४ सांगतं की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यायचा, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १५ सांगतं की वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही नाही म्हणता येत नाही. म्हणजे "जूनमध्ये या" हे उत्तर आम्ही मुकाट्यानं घ्यायला नको होतं. आम्ही रागानं घरी आलो. त्याऐवजी अर्ज लिहून यायला पाहिजे होतं.

दुसरं. पाचवीचा निकाल आणि शाळेचा दाखला जपून ठेवा. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी दहावीला बसायचं झालं तर तेच कागद मागतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा आहेत. केंद्राचं मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, ते पण आहे. वयाची अट आणि तारखा दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावर बघा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर नको.

तिसरं, आपलं मूल घरी शिकवणं वेगळं आणि गल्लीतली पंधरा मुलं गोळा करून शाळा काढणं वेगळं. विनामान्यता शाळेला याच कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे, आणि नंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आपल्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावचं उदाहरण आहे. ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावं म्हणून. मान्यता नाही म्हणून नोटीस आली, आणि गावाला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. मुलाला कुठल्या भाषेतलं पुस्तक द्यायचं हा प्रश्न एका अख्ख्या गावासाठी एवढा मोठा होऊ शकतो. मी माझ्या भाचीच्या हातात तेलुगू गोष्ट दिली तेव्हा मला कुणी अडवलं नाही. हा फरक मी विसरत नाही.

मालविका जोशी आणि आपण

घरशाळा म्हटलं की सगळे मुंबईच्या मालविका जोशीचं नाव घेतात. सातवीत असताना आईनं तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिला दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळाली, आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र बंद होतं. गोष्ट खरी आहे, मोठी आहे. पण ती ऐकून खोका मागवू नका. त्या गोष्टीत घेण्यासारखं एवढंच की आईनं मुलीला काय आवडतं ते आधी बघितलं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती रचलं. पदकं सगळ्यांना मिळत नाहीत. बघणं मात्र सगळ्यांना जमतं.

मग पुढे काय झालं?

जून आला तेव्हा तिलाच विचारलं. ती म्हणाली, अजून एक वर्ष घरी. तिला खालच्या वर्गात बसायची भीती होती. आम्ही ऐकलं. त्या वर्षात सातवीचं गणित पूर्ण झालं, मराठी चांगलं झालं. पण दुसरी एक गोष्ट झाली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. शाळा सुटायची वेळ. दप्तरं घेतलेल्या मुली घोळक्यानं जायच्या, ही बघत राहायची. मला वाटलं होतं आपण खूप छान करून राहिलो. अभ्यास छानच चालू होता. मैत्रीण मात्र मी अभ्यासक्रमात घालू शकत नव्हते.

आता येत्या जूनला ती आठवीत जातेय. शाळेत. या वेळी आम्ही अर्ज घेऊन गेलो, कलमं लिहून, तिच्या वह्यांची तारीखवार फाइल घेऊन. मुख्याध्यापकांनी फाइल चाळली, किल्ल्यावरची चार पानं वाचली आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?" ती म्हणाली, "हो सर." एवढंच. वर्ग आठवीच मिळाला.

काही जण म्हणतात, म्हणजे तुमची घरशाळा फसली. मला तसं वाटत नाही. पूल ओलांडला की माणूस पुलावर राहत नाही. कुणाला वर्षभर लागेल, कुणाला बारावीपर्यंत. पण खरं सांगू? थोडी धाकधूक आहे मला. पन्नास मुलांच्या वर्गात कुणी तिला परत "वाचता येत नाही का?" म्हटलं तर? ताई म्हणते, "म्हणू दे. आता तिला उत्तर देता येते न."

तो साडेचौदा हजारांचा खोका अजून कपाटावर आहे. त्यातली रंगीत कात्री आणि मोजपट्टी तेवढी कामी आली.

चला, आजच्यापुरतं एवढंच. एक काम करा. तुम्ही अकरा वर्षांचे असताना कुठलं पुस्तक रात्री चोरून वाचलं होतं, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. ज्याच्या घरी दहा-बारा वर्षांचं पोट्टं आहे त्याला हा भाग पाठवा. आणि काही विकत घ्यायच्या आधी त्या पोट्ट्याशेजारी बसून एक पान ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा.